पेशीतली चूल पेटती राहू दे!

"अंगात त्राणच नाही गं." "सकाळी उठतानाच दमल्यासारखं होतं." "काम काही फार नाही, पण दुपारचे बारा वाजले की पाय गळून जातात." मैत्रिणींनो, ही वाक्यं आपल्याला काही नवी नाहीत. हळदीकुंकू असो, बचत गटाची बैठक असो नाहीतर दवाखान्याबाहेरचं बाकडं, चार बायका जमल्या की थकव्याचा विषय निघतोच. आणि त्यावरचे उपायही तयार असतात. कुणी टॉनिकची बाटली सुचवतं, कुणी ग्लुकोजची पावडर. कुणी म्हणतं, "ताकदीचं इंजेक्शन घेऊन ये." कुणी तालुक्याला जाऊन सलाईनची एक बाटली लावून येते आणि दोन दिवस बरं वाटल्याचं सांगते. घरातले मात्र म्हणतात, "बायकांचं हे असंच असतं. चाळिशी आली ना आता!" झालं, विषय तिथेच संपतो.

पण ही ताकद म्हणजे नेमकं काय? ती शरीरात कुठे तयार होते? कशापासून होते? हा विषय विज्ञानाचा खरा, पण निम्मा तरी आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे. तो एकदा समजला, की कोणत्या बाटलीवर पैसे घालवायचे आणि आपल्या ताटात काय वाढून घ्यायचं, हे आपलं आपल्याला कळतं.

अन्न म्हणजे लाकूड, जाळ नव्हे

चुलीजवळ लाकडं रचून ठेवली म्हणून भात शिजत नाही. ती पेटावी लागतात. भात, भाकरी, साखर, तेल ही आपल्या शरीराची लाकडं. त्यांतून ऊर्जा काढायचं काम होतं ते शरीरातल्या प्रत्येक पेशीत. पेशीच्या आत अगदी सूक्ष्म अशा चुली असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांचं नाव 'तंतुकणिका' असं दिलेलं असतं. ज्या अवयवाला काम जास्त, तिथे चुली जास्त. रात्रंदिवस धडधडणाऱ्या हृदयाच्या पेशीत तर त्या दाटीवाटीने भरलेल्या असतात. आणि एक गंमत सांगते. या चुली आपल्याला फक्त आईकडून मिळतात, वडिलांकडून नाही. आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला असा हा वारसा चालत येतो.

या चुलीवर जे तयार होतं, त्याचं नाव एटीपी. समजा, हातात पाचशेची नोट आहे आणि कोथिंबिरीची जुडी घ्यायची आहे. भाजीवाली म्हणते, "ताई, सुटे द्या." पेशींचंही तसंच. साखर ही मोठी नोट, ती थेट कुठेच चालत नाही. आधी तिचे सुटे करावे लागतात, आणि एटीपी म्हणजे ते सुटे पैसे. हात उचलायला, पापणी मिटायला, विचार करायला, दूध पाजायला, सगळ्याला हेच नाणं लागतं. शरीरात एका वेळी एटीपी पाव किलोच्याही आतच असतं, पण ते पुन्हा पुन्हा मोडून पुन्हा पुन्हा घडवलं जातं. दिवसभराचा हिशोब मांडला, तर साधारण आपल्या वजनाइतकं एटीपी आपण तयार करतो आणि खर्चही करून टाकतो. नवं तयार होणं थांबलं, तर हृदयातला साठा काही सेकंदांत संपेल.

या एटीपीचा शोध लागला १९२९ साली. जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि अमेरिकेत सायरस फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना, असा तो दोन्हीकडे स्वतंत्रपणे लागला. सुब्बाराव हे आंध्रातल्या भीमवरमचे. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

अडकित्ता, सांडशी आणि डबेवाले

आता पेशीच्या स्वयंपाकघरात डोकावू या. साखरेचा एक कण आत आला, की आधी त्याचे दोन तुकडे होतात. हे काम चुलीच्या बाहेरच होतं आणि त्यातून एटीपीचे दोनच कण पदरात पडतात. खरी कमाई पुढे, चुलीच्या आत आहे. सगळं नीट पार पडलं, तर एका साखरेच्या कणातून एटीपीचे साधारण तीस कण मिळतात.

पण चुलीत शिरण्यासाठी त्या तुकड्याला आणखी कापावं लागतं. ते कापणारा अडकित्ता बनतो ब१ जीवनसत्त्वापासून, म्हणजे थायमिनपासून. कापलेला तुकडा उचलून चुलीत सोडायला सांडशी लागते. ती बनते ब५ पासून, तिचं नाव को-एन्झाइम ए. आत गेल्यावर तो तुकडा एका चक्रात फिरतो. हान्स क्रेब्ज या शास्त्रज्ञाने १९३७ साली हे चक्र मांडलं, म्हणून त्याला क्रेब्ज चक्र म्हणतात. फिरता फिरता त्या तुकड्यातली ऊर्जा थोडीथोडी बाहेर येते आणि ती पुढच्या टप्प्यावर पोचवायला डबेवाले लागतात. मुंबईचे डबेवाले कसे, भरला डबा पोचवतात आणि रिकामा परत आणतात, अगदी तसेच. यातला एक डबेवाला बनतो ब३ पासून, म्हणजे नायसिनपासून. दुसरा बनतो ब२ पासून, म्हणजे रायबोफ्लेविनपासून. शेवटच्या टप्प्यावर आपण श्वासातून घेतलेला प्राणवायू कामी येतो आणि एटीपी तयार होतं.

शास्त्राच्या भाषेत या मदतनिसांना सहविकर म्हणतात. ते स्वतः जळत नाहीत. अडकित्ता काही सुपारीबरोबर खाल्ला जात नाही, तसंच हे. एकच मदतनीस पुन्हा पुन्हा वापरला जातो, म्हणून जीवनसत्त्वं रोज अगदी चिमूटभर पुरतात. पण ती चिमूट मात्र लागतेच लागते. ब१ चा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. तो संपला, की समोर लाकडांचा ढीग असूनही चूल विझायला लागते. भरपेट भात खाऊनही माणूस गळून जातो तो असा.

कोंबड्यांनी शिकवलेला धडा

हे कळायला माणसांच्या आधी कोंबड्या आजारी पडाव्या लागल्या. १८९० च्या सुमाराची गोष्ट. आजच्या इंडोनेशियातल्या जावा बेटावर तेव्हा डच लोकांचं राज्य होतं. तिथे बेरीबेरी नावाच्या आजाराने माणसं हैराण झाली होती. पाय लुळे पडायचे, अंगाला सूज यायची, हृदय बंद पडून माणूस दगावायचा. ख्रिस्तियान आइकमान नावाचे डच डॉक्टर या आजाराचा जंतू शोधत होते. प्रयोगासाठी पाळलेल्या त्यांच्या कोंबड्याही एकाएकी लटपटायला लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या.

चौकशी केल्यावर कळलं ते असं. मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढराशुभ्र भात घातला जात होता. मग नवा स्वयंपाकी आला आणि त्याने तो भात द्यायचं नाकारलं. लष्कराचा तांदूळ बाहेरच्या कोंबड्यांना कशाला, असं त्याचं म्हणणं! कोंबड्या पुन्हा साध्या, कोंडा असलेल्या तांदळावर आल्या आणि सुधारल्या. पुढे जावातल्या शंभरएक तुरुंगांची पाहणी झाली. जिथे कैद्यांना पॉलिश केलेला तांदूळ मिळत होता, तिथेच बेरीबेरी जास्त होता.

आइकमान यांना आधी वाटलं, की पांढऱ्या तांदळात काही विष असावं. त्यांच्यानंतर काम करणाऱ्या खेरित ग्रेन्स यांनी १९०१ साली खरी गोष्ट सांगितली. तांदळात काही वाईट नव्हतं, कोंड्याबरोबर काही चांगलं निघून जात होतं. ते चांगलं म्हणजे थायमिन. आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळालं. पुढे १९३६ मध्ये थायमिन प्रयोगशाळेत तयार केलं रॉबर्ट विल्यम्स यांनी. ते अमेरिकन खरे, पण त्यांचा जन्म आपल्याकडे नेल्लोरचा.

आपल्या कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाचा भात आणि पेज खातात. शहरी पाहुणे कधी कधी नाक मुरडतात. पण भात सडण्याआधी उकडला, की टरफलाखालचं थायमिन दाण्याच्या आत मुरतं आणि सडताना कमी वाया जातं. उकडा तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी फारसा आढळत नसे, तो यामुळेच.

बाळंतिणीचं ताट

"या जुन्या काळच्या गोष्टी, आता कुठे बेरीबेरी?" असं कुणी म्हणेल. दुर्दैवाने तसं नाही. अलीकडच्या वर्षांत काश्मीर आणि कर्नाटकातल्या डॉक्टरांनी तान्ह्या बाळांच्या बाबतीत हाच आजार नोंदवला आहे. बाळ दोन-चार महिन्यांचं. अंगावर पिणारं, वरवर गुटगुटीत. एकाएकी ते दूध ओढेनासं होतं, उलट्या करतं, कण्हतं, आवाज बसतो, धाप लागते. त्याचं हृदय थकलेलं असतं. आईची चौकशी केली तर कळतं, की बाळंतपणानंतर तिला पॉलिशचा तांदूळ आणि त्याबरोबर मोजक्याच दोन-चार गोष्टी मिळत होत्या. डाळ बंद, भाजी बंद, फळं बंद. आईच्याच अंगात थायमिन नाही, मग दुधात कुठून येणार? अशा बाळाला वेळेत थायमिनचं इंजेक्शन मिळालं, तर ते काही तासांत, एक-दोन दिवसांत सावरतं. नाही मिळालं, तर दगावू शकतं.

मला हे वाचून आपल्याकडची पथ्यं आठवली. "डाळ देऊ नका, बाळाला वारा धरेल." "पालेभाजीने बाळाला हिरवं होतं." "नुसता तूप-भात द्या, पोटाला हलका." बाळंतिणीला द्यायच्या आपल्या कितीतरी जुन्या गोष्टी चांगल्याच आहेत. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, हे सगळं जरूर द्या. पण डाळ आणि भाजी तोडणारं पथ्य मात्र सोडायला हवं. घरात लेक किंवा सून बाळंतीण असेल, तर तिच्या ताटात रोज वाटीभर डाळ किंवा उसळ आहे ना, हे सासूबाईंनी आणि आईने स्वतः बघावं. आणि तान्हं बाळ दूध ओढत नसेल, धापत असेल, तर नजर काढत बसू नका. तडक दवाखाना गाठा, आणि बाळाच्या आईला काय खायला मिळतंय, हेही डॉक्टरांना सांगा.

शेंगदाण्याच्या चटणीचं मोल

दुसरी गोष्ट ब३ ची, म्हणजे त्या डबेवाल्याची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा नावाच्या आजाराने गरिबांना ग्रासलं होतं. उन्हात उघड्या पडणाऱ्या कातडीवर चट्टे, जुलाब आणि शेवटी बुद्धिभ्रंश. लोक म्हणत, हा संसर्ग आहे. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर म्हणाले, नाही, हा मका खाऊन दिवस काढणाऱ्यांच्या ताटाचा दोष आहे. त्यांनी अनाथाश्रमातल्या मुलांना दूध, अंडी, शेंगभाज्या देऊन आजार हटवून दाखवला. तरी लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा १९१६ साली त्यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. त्यांची पत्नी मेरी हिनेही आपणहून ते टोचून घेतलं. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. नायसिननेच हे घडतं, हे १९३७ साली कॉनरॅड एल्व्हेजेम यांच्या कामातून सिद्ध झालं.

आपल्या दख्खनच्या पठारावरही हा आजार होता. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. त्यांचे रुग्ण बहुतेक गरीब आणि जवळजवळ फक्त ज्वारीवर जगणारे होते. यावरून कुणी ज्वारी सोडू नका हं! ज्वारी उत्तमच आहे. प्रश्न नुसत्या ज्वारीचा आहे. आपल्याकडे भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, पिठलं, ताक असायचं. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं, आणि दूध-डाळीतल्या प्रथिनांपासून शरीर थोडं नायसिन स्वतःही तयार करतं. पण घरात ही चटणी कुणाच्या ताटात पडते आणि सगळ्यांचं झाल्यावर भाकरी-मिरची खाऊन कोण उठतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

लोह आणि ब१२ कमी पडलं तर

चूल पेटायला वारा लागतो, पेशीला प्राणवायू. तो पोचवतं रक्तातलं लोह. शिवाय चुलीतल्या शेवटच्या टप्प्यावरच्या यंत्रणेतही लोह लागतंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांमागे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्यातल्या निम्म्याहून जास्त जणी!

याच रक्तक्षयाचा एक धागा मुंबईत उलगडला. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांना होणारा गंभीर रक्तक्षय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केलं आणि यीस्टचा अर्क दिल्यावर या बायका सुधारतात, हे दाखवून दिलं. त्या अर्कातला गुणी घटक म्हणजे फोलिक ॲसिड. पुढे १९४० च्या दशकात ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आपले तेच यल्लाप्रगडा सुब्बाराव. आज गरोदरपणात सरकारी दवाखान्यात लोहाबरोबर मिळते ती हीच गोळी.

राहिलं ब१२. तेही पेशीच्या चुलीत एका टप्प्यावर लागतं, आणि रक्त आणि नसांसाठी तर फारच. ते वनस्पतींतून मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातल्या निम्म्याहून अधिक पुरुषांमध्ये ब१२ कमी निघालं होतं. तिथे पुरुषांची ही गत, मग उपास करून, दुधाचा शेवटचा थेंब मुलांच्या पेल्यात ओतणाऱ्या बाईचं काय? हातापायांना मुंग्या, जिभेची आग, विसराळूपणा आणि थकवा असेल, तर डॉक्टरांना विचारून ब१२ तपासून घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, तर नक्कीच.

मग टॉनिक, सलाईन?

आता त्या बाटलीकडे वळू. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर सलाईनमध्ये साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. तेवढी साखर दोन-तीन कप चहात सहज जाते! जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल, तर सलाईन जीव वाचवतं. पण रोजच्या थकव्यावर ते औषध नव्हे. उलट अंगात ब१ फार कमी असताना नुसतं ग्लुकोज दिलं, तर उरलंसुरलं ब१ ही संपून मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून पहिल्या महिन्यांत फार उलट्या होणारी गरोदर बाई दवाखान्यात नेली, तर ती किती दिवस उपाशी आहे, हे डॉक्टरांना आधी सांगा. ते थायमिनचा विचार करतील.

आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या? गोळी घेतली की लघवी पिवळीधमक होते, हे तुम्ही पाहिलं असेल. ते जास्तीचं रायबोफ्लेविन असतं. शरीराला हवं तेवढं घेतलं, बाकी बाहेर टाकलं. मुळात कमतरता असेल तर गोळीने नक्की फरक पडतो. नसेल, तर दहा अडकित्ते आणून सुपारी काही जास्त कातरली जात नाही. शिवाय थकव्यामागे थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग, अपुरी झोप, मनावरचा ताण, असं काहीही असू शकतं. पंधरा दिवस थकवा हटला नाही, तर टॉनिकच्या आधी तपासणी. हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

स्वयंपाकघरात एवढं करा

* तांदूळ चोळून चोळून चार पाण्यांनी धुऊ नका. हलक्या हाताने एक-दोनदा पुरे. भात वेळत असाल, तर पेज टाकू नका, आमटीत घाला.
* कणीक फार चाळू नका. कोंडा पोळीत राहू द्या.
* डाळ, छोले लवकर शिजावेत म्हणून सोडा घालू नका. सोड्याने ब१ नष्ट होतं. त्यापेक्षा आदल्या रात्री भिजत घाला.
* आठवड्यातून दोन-तीनदा मोडाची उसळ, अधूनमधून इडली, आंबोळी, अंबील असे आंबवलेले पदार्थ करा.
* भाजी आधी धुवा, मग चिरा. दूध पारदर्शक बाटलीत उन्हात ठेवू नका, उजेडाने ब२ कमी होतं. ओठांचे कोपरे वारंवार चिरत असतील, तर दूध, ताक, अंडी, पालेभाज्या वाढवा.
* चहा जेवणाला लागून नको, त्याने लोह कमी शोषलं जातं. जेवताना लिंबू पिळा.

यातलं काहीही महाग नाही. अवघड आहे ती एकच गोष्ट, स्वतःसाठी वाढून घेणं. उरलेला भात आणि चहा-बिस्किटावर दुपार काढणारी बाई लाकडं खूप रचते, पण जाळ पेटवणारं तिच्या ताटात काहीच नसतं. म्हणून मैत्रिणींनो, आज स्वयंपाक झाला की आमटीची एक वाटी, उसळीची एक वाटी आणि चमचाभर शेंगदाण्याची चटणी आधी आपल्यासाठी बाजूला काढून ठेवा. जमलं तर सगळ्यांबरोबरच जेवायला बसा. घरातल्या कुणी विचारलंच, "आज काय विशेष?", तर सांगा, "माझ्या पेशींची चूल पेटवतेय!"